वाचकांचे प्रश्न : सुडोकू शेवटी येऊन का अडतं?

प्रश्न : रंकाळ्यावरच्या आमच्या सकाळच्या कट्ट्याला सुडोकूचा नाद लागलाय. एकजण म्हणतो हे जपानी, दुसरा म्हणतो इंग्लंडचं. खरं काय?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : चहाचे पैसे दोघांनीही द्यावेत. आजच्या रूपातलं हे कोडं (प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि ३×३ च्या खणात १ ते ९ आकडे एकेकदाच) पहिल्यांदा छापलं ते अमेरिकेत, १९७९ साली, डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात. नाव होतं ‘नंबर प्लेस’. हॉवर्ड गार्न्स नावाच्या वास्तुविशारदानं ते रचलं, असं मानतात. १९८४ मध्ये जपानच्या निकोली मासिकानं ते घेतलं आणि ‘आकडे एकेकटेच हवेत’ अशा अर्थाचं लांबलचक नाव दिलं. त्यातल्या ‘दोकुशिन’चा अर्थ अविवाहित! माकी काजी यांनी ते छाटून ‘सुडोकू’ केलं.

इंग्लंडचा वाटा पसरवण्याचा. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेल्या वेन गूल्ड यांना १९९७ मध्ये टोकियोच्या पुस्तकांच्या दुकानात हे कोडं दिसलं. कोडी तयार करणारा संगणक प्रोग्राम लिहायला त्यांना सहा वर्षं लागली, आणि १२ नोव्हेंबर २००४ ला लंडनच्या ‘द टाइम्स’नं पहिलं कोडं छापलं. पुढं ते वणव्यासारखं पसरलं, कारण त्याला भाषाच नाही. शब्दकोडं मराठीत नव्यानं रचावं लागतं, जोडाक्षराला एक घर की दोन यावर वाद होतात. लंडनचं सुडोकू मात्र कोल्हापुरात जसंच्या तसं छापता येतं.

प्रश्न : साठ-पासष्ट घरं भरतात आणि मग एकाच ओळीत दोनदा ७ येतो. चूक कुठं होते?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चूक तिथं नसते, वीस-पंचवीस घरं मागं असते. ‘बहुतेक इथं ४’ म्हणून पेनानं भरलेलं एक घर बराच वेळ निमूट बसतं. पेन्सिल घ्या आणि रिकाम्या घरात शक्य आकडे बारीक लिहा. घर भरलं की तोच आकडा त्या आडव्या ओळीतून, उभ्या ओळीतून आणि ३×३ च्या खणातून लगेच खोडा. हे खोडणंच बहुतेकजण विसरतात.

आता एक ओळ बघा. ३, ८, १, ६, ९ भरलेत; २, ४, ५, ७ राहिलेत. दोन घरांत फक्त ४-७, तिसऱ्यात २-४-७, चौथ्यात २-५-७. कुठलंच घर सुटत नाही असं वाटतं. पण ४ आणि ७ पहिल्या दोन घरांतच संपणार, कुणाकडं कोणता ते नंतर बघू. मग तिसऱ्यात २ आणि चौथ्यात ५. अंदाज कुठंच नाही.

एक खूण लक्षात ठेवा. दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी आणि दोनच खण यांच्या कोपऱ्यांत चारच घरं उरली, चारहींत तीच जोडी, आणि कशीही भरली तरी बसते? मग कोड्याला दोन उत्तरं झाली, आणि नीट रचलेल्या सुडोकूला एकच असतं. दिलेला एखादा आकडा उतरवताना सुटलाय का, छपाईत उडालाय का, ते आधी पाहा.

प्रश्न : तिसरीतल्या मुलीचं गणित यानं सुधारेल का?
– एक पालक, कसबा बावडा

उत्तर : सुडोकूनं नाही. आकड्यांऐवजी क ते झ ही नऊ अक्षरं घातली तरी कोडं तेच राहतं; बेरीज कुठंच नाही. तिला केनकेन द्या : ओळीत आकडा दोनदा नको हे त्यातही आहेच, पण जाड रेषेतल्या घरांचं उत्तरही दिलेलं असतं, तेही जुळवायचं. तेत्सुया मियामोतो या जपानी शिक्षकांनी ते २००४ मध्ये वर्गासाठीच तयार केलं. सुरुवात ४×४ नं (आकडे १ ते ४), फक्त बेरीज-वजाबाकीची. दोन घरांची बेरीज ७ हवी असेल तर ३ आणि ४ शिवाय पर्याय नाही, हे ती स्वतः शोधेल. तुम्ही सांगू नका. हात बसल्यावर काकुरो, म्हणजे शब्दकोड्यासारख्या घरांत १ ते ९ आकडे भरून दिलेल्या बेरजा जुळवायचं कोडं : दोन घरांत १६ म्हणजे ७ आणि ९च, कारण ८ दोनदा चालत नाही.