गर्भाशयाची पिशवी काढायला किती खर्च येतो?

हा प्रश्न विचारत येणाऱ्या बायका बहुतेकदा दवाखान्यातून थेट सोनाराकडे निघालेल्या असतात. मध्ये कुणीतरी माझं नाव सांगतं म्हणून त्या थांबतात. अशाच एका ताईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 44. शाळेत पोषण आहार शिजवतात, नवरा रिक्षा चालवतो. पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन साडेसातवर आलेलं, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ. हातात दोन दवाखान्यांचे कागद होते. एकावर दुर्बिणीतून, 85 हजार. दुसऱ्यावर पोटावर चीर देऊन, 45 हजार. जाऊबाईंचं आठ वर्षांपूर्वी 25 हजारांत झालं होतं. "यातलं आम्हाला लुटतंय कोण, तेवढं सांगा," यजमान म्हणाले.

कदाचित कुणीच नाही. दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांत काय काय धरलंय ते बघावं लागतं. 85 हजारांच्या कागदावर 'औषधं, रक्त व तपासण्या वेगळ्या' असं तळाला बारीक अक्षरात होतं. 45 हजारांत औषधं होती, पण भूलतज्ज्ञांची फी नव्हती. खोली कोणती आणि किती दिवस, हे दोन्हींकडे मोघम. आणि एक बाब दोन्हींकडे नव्हतीच: काढलेली पिशवी तपासायला पाठवण्याचे पैसे. ही तपासणी टाळू नये. आत काही वावगं होतं का, हे तिच्यावरूनच नक्की कळतं. एवढ्या कमी हिमोग्लोबिनवर रक्ताची बाटली लागू शकते, तिचा खर्चही धरायला हवा. मी कोऱ्या कागदावर ही यादी लिहून दिली आणि म्हटलं, प्रत्येक ओळीपुढे आकडा लिहून आणा. विचारायला संकोच वाटतो, मान्य आहे. पण दरपत्रक मागणं आणि तपशीलवार बिल मागणं हा पेशंटचा हक्कच आहे, त्यात उपकार नाहीत.

विम्याची पॉलिसी होती, आठ महिन्यांपूर्वी घेतलेली. एजंटने "सगळं कव्हर आहे" सांगितलेलं. स्वतः काढलेल्या बहुतेक पॉलिस्यांत गर्भाशयाच्या अशा ऑपरेशनला दोन वर्षं थांबावं लागतं. इथेही तेच निघालं. यजमानांचा चेहरा पडला.

मग मी विचारलं, काढायची कशासाठी? ताई पटकन म्हणाल्या, "ठेवली तर कॅन्सर होईल म्हणाले." अशी गाठ कॅन्सरची निघणं फार क्वचित. ही भीती घालून किती बायकांच्या पिशव्या गेल्या असतील कोण जाणे. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीने ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणून माझा आग्रह असतो की ऑपरेशन करणार नाही अशा ठिकाणी एकदा दाखवा, निदान सरकारी रुग्णालयात तरी. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवता येते. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण विचारायला हवं. अंडाशय ठेवणार की काढणार, हेही. पाळी जाण्याआधी तीही काढली तर हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो, आणि तो खर्च कुठल्याच पॅकेजात नसतो.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आतल्या अस्तराचा तुकडा तपासला, तो साफ निघाला. गोळ्या देऊन पाहिल्या; गाठ मोठी होती, फरक पडला नाही. म्हणजे ऑपरेशन लागणारच होतं, फक्त आता ते घाबरून होणार नव्हतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना ही मोफत उपचारांची सरकारी योजना; तिच्यासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, पाठवलं. योजनेतली काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, त्यामुळे खासगीत जाण्याआधी तिथे विचारलेलं बरं. लोहाची इंजेक्शनं देऊन हिमोग्लोबिन वर आणण्यात काही आठवडे गेले. यजमानांना ही दिरंगाई वाटत होती. मला नाही वाटली.

ऑपरेशनचे पैसे द्यावे लागले नाहीत. तरी खर्च झालाच: सोबतच्या माणसाचं जेवण, येणं-जाणं, बाहेरून आणलेलं किरकोळ. सगळ्यात मोठा खड्डा पडला तो सहा आठवड्यांचा. या दिवसांत जड उचलायचं नाही, म्हणजे शाळेतली भाताची पातेली बंद आणि मानधनही बंद. हा आकडा आम्ही आधीच वहीत मांडला होता. त्यासाठी ताईंनी बचतगटातून थोडं कर्ज काढलं, पाणी भरायचं काम मुलाकडे दिलं, आणि नणंद पंधरा दिवस राहायला आली. यजमान स्वयंपाक शिकले असं म्हणवत नाही, पण कुकर लावतात.