दहा महिन्यांचा लॅब आणि सशासारख्या उड्या

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर राहतो. आमचा लॅब (लॅब्रेडॉर कुत्रा) ब्रुनो दहा महिन्यांचा आहे, वजन ३८ किलो. महिनाभर झाला, जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदमच उचलतो, सशागत, आणि रंकाळ्यावर थोडं चाललं की बसकण मारतो. एक्सरे काढला तर डॉक्टर म्हणाले हिप डिस्प्लेशिया आहे. शेजारचे म्हणतात कॅल्शियम कमी पडलंय, आई म्हणते पायाचं सूप पाज. ऑपरेशनच करायला लागणार का?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ३८ किलो. अहो पूर्ण वाढलेला नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोचा असतो, तुमचा तर अजून पोरगाच आहे!

खुब्यात एक वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा त्यात घट्ट बसायला पाहिजे. हिप डिस्प्लेशियात ही वाटी उथळ राहते, गोळा सैल हलतो, घासतो आणि पुढं संधिवात होतो. हे बरंचसं आईबापाकडनं येतं म्हणून पिल्लू घेताना आईबापाचे एक्सरे बघायचे असतात, पण आपल्याकडं लोक फक्त पिल्लाचं डोकं किती मोठं ते बघतात, असो. वजनानं आणि भराभर वाढीनं हेच दुखणं लई वाढतं. २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ४८ लॅब होते, त्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि खुब्याचा संधिवातही उशिरा आला.

शेजाऱ्यांचं ऐकून कॅल्शियम देत असाल तर ती बाटली लगेच बंद. तयार पपी फूड खात असेल तर वरनं कॅल्शियम देऊन मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं उलट बिघडतात. पायाचं सूप तर अजिबात नको, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. खाणं मोजून द्या, हात फिरवला की बरगड्या लागायला पाहिजेत. घरातल्या गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाका, जिन्यात पोटाखालनं टॉवेल घालून मागचा भार तुम्ही उचला, आणि रंकाळ्याची एक मोठी फेरी मारण्यापेक्षा दिवसातनं तीन-चार वेळा छोटं छोटं चालवा. पोहणं एकदम झकास व्यायाम, सांध्यावर वजन येत नाही, फक्त स्वच्छ उथळ पाणी बघा, पंचगंगेच्या घाटावरनं ढकलून देऊ नका.

दुखत असेल तर डॉक्टर मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन देतील, तेही वजनाच्या हिशोबानं. घरातली क्रोसिन, ब्रूफेन देऊ नका, जीवावर बेतू शकतं.

ऑपरेशन लगेच लागेलच असं नाही. बरीच कुत्री वजन, व्यायाम आणि गोळ्यांवर चांगली राहतात. एवढं करूनही लंगडत राहिला तर मांडीच्या हाडाचा गोळा काढून टाकतात, मग स्नायूच तिथं सांध्याचं काम करतात, पण हे हलक्या कुत्र्यांना जास्त मानवतं, म्हणजे परत वजनच. पूर्ण सांधा बदलणं पण असतं, ते खर्चिक. आणि ब्रुनोकडनं पिल्लं घेऊ नका, दुखणं पुढं जाईल.

दर पंधरा दिवसांनी काट्यावर उभा करा आणि महिन्यानं आकडा कळवा. पायाचं सूप आईंना म्हणावं घरातल्यांसाठीच करा.