समुद्रात नेट येतं, पण पाण्यासारखं भरून ठेवा : क्रूझवरून काम करणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

सोलापूरला समुद्र नाही, कंबर तलाव आणि उजनी हेच आपलं पाणी, तरी गेल्या काही महिन्यांत माझ्याकडं क्रूझबद्दलचे प्रश्न लई यायला लागलेत. मी नेटवर्कचं काम करतो, इथल्या कारखान्यांचं, दुकानांचं, आणि स्वतः दोन-तीनदा जहाजावरून काम करून बघितलंय, त्यामुळं लोक विचारतात. सगळ्यांची काळजी एकच दिसते, सुट्टी पण व्हावी आणि काम पण अडू नये. निवडक प्रश्न घेतलेत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. आई-वडिलांना घेऊन मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशी क्रूझ करायची म्हणतोय. बायरचे मेल, कंटेनरची कागदपत्रं हे रोजचंच आहे. बुकिंगवाला म्हणतो जहाजावर वायफाय आहे. भरवसा ठेवू का?

आधी आई-वडिलांना नक्की घेऊन जा, ते पुढं ढकलू नका.

आता नेटचं. वायफाय आहे हे बुकिंगवाला खरंच सांगतोय, पण वायफाय म्हणजे तुमच्या लॅपटॉपपासून जहाजाच्या राऊटरपर्यंतचा रस्ता, त्यापुढचा रस्ता आकाशातून जातो आणि सगळं तिथंच ठरतं. जुन्या पद्धतीचा उपग्रह पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवर असतो, तिथवर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तर परत यायला अजून पाव सेकंद, प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांच्या आसपास जातातच. मेलला हे चालतं, फोनवर बोलताना मात्र दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग दोघं एकदम थांबतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५०० किलोमीटरच्या आसपास फिरतात म्हणून तिथं हा उशीर जाणवत नाही. रॉयल कॅरिबियनने ऑगस्ट २०२२ मध्ये स्टारलिंक घ्यायचं जाहीर केलं, पाठोपाठ कार्निव्हलनेही घेतलं, त्यामुळं कुणी मामा-काका सात वर्षांपूर्वीचा अनुभव सांगत असतील तर तो आता तसाच्या तसा लागू होत नाही. पण सगळ्या जहाजांवर नवीन सोय आहे असंही धरू नका. बुकिंगवाल्याला नेमकं विचारा, उपग्रह कुठला, पॅक कुठला, एका पॅकवर किती फोन चालतात. उत्तर गोलमोल आलं तर नेट कमी आहे असंच समजा.

दुसरं म्हणजे हद्दीचं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, ही देशाची सागरी हद्द, आणि उपग्रहावरून नेट द्यायचं लायसन्स प्रत्येक देशाचं वेगळं. आपल्याकडं विमानात आणि जहाजात नेट देण्याचे नियम २०१८ मध्ये आले. एखाद्या देशाची परवानगी नसेल तर त्या हद्दीत जहाजाला ती सेवा बंद ठेवावी लागते, तेव्हा किनारा समोर दिसतोय आणि नेट गेलंय असं झालं तर लॅपटॉपला दोष देऊ नका. अशा वेळी किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज मिळू शकते, पण जुन्या टूजीच्या टॉवरची मर्यादाच ३५ किलोमीटर आहे, आणि लक्षद्वीपकडं वळल्यावर किनारा पार मागं राहतो. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून लक्षद्वीपपर्यंत समुद्राखालची केबल सुरू झाली, त्यामुळं बेटावर उतरल्यावर मोबाईल नेटचं बरं चित्र आहे. फक्त जहाज लांब नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींनी बेटावर नेतात, तेव्हा लॅपटॉप भिजणार नाही अशा पिशवीत ठेवा.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीत बसतं. आपल्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तर आपण काय करतो, आलं की पिंप, टाकी, घागर सगळं भरून ठेवतो आणि मधले दिवस बिनघोर काढतो. जहाजावरचं नेट असंच वापरायचं. नेट आलं की मेल ओढून घ्यायचे, उत्तरं ऑफलाईन लिहायची, पुढच्या वेळी आलं की सोडायची. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल यांच्या पीडीएफ घरून निघतानाच लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. जे काम असं थांबू शकत नाही ते जहाजावर नेऊच नका. न्हावा शेवा बंदराचा कटऑफ, म्हणजे कंटेनर आत द्यायची शेवटची मुदत, ज्या दिवशी आहे त्या दिवशी तुम्ही पाण्यात असू नये, आणि असलात तर सीएचएशी, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटशी, बोलायला युनिटमधला एक माणूस ठरवून ठेवा, त्याला सही-शिक्क्याचे अधिकार देऊन. बायरला आठवडाभर आधी एक मेल टाका की या तारखांना उत्तर दुसऱ्या दिवशी येईल. मी तरी अजून यावर चिडलेला बायर बघितला नाही, न सांगता गायब झाल्यावर चिडलेले खूप बघितलेत.

प्रश्न : मी जुळे सोलापुरातून घरूनच पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. सासूबाई-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून सगळे मिळून इटली-ग्रीसची आठ दिवसांची क्रूझ करणार. रजा चारच दिवस शिल्लक आहे. बाकीचे चार दिवस जहाजावरून स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), कोड, व्हीपीएन (कंपनीच्या सिस्टीमशी जोडणारा सुरक्षित रस्ता) जमेल का?

जमण्यासारखं आहे, पण सगळ्यात आधी मॅनेजर आणि एचआरला लेखी विचारा. परदेशातून कंपनीच्या सिस्टीममध्ये लॉगिन करायला बऱ्याच कंपन्यांची मनाई असते, आणि टुरिस्ट व्हिसावर काम करण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात. ही परवानगी तोंडी घेऊ नका, प्लीज.

वेळेचं गणित तुमच्या बाजूचं आहे. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं, म्हणजे सोलापुरात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिथं पहाटेचे साडेपाच. जहाजावर पहाटे सगळे झोपलेले, नेट मोकळं. दुपारी, त्यातही ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदरात थांबत नाही त्या दिवशी, हजारो लोक एकदम फोन काढून बसतात आणि तेच नेट वाटून जातं. पहाटे साडेपाच ते साडेनऊ काम केलंत तर ऑफिसचे दुपारी एकपर्यंतचे तास निघतात आणि दिवस घरच्यांसाठी राहतो. ग्रीस इटलीच्या एक तास पुढं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

पॅक घेताना स्वस्तातला घेऊ नका, त्यात बऱ्याचदा फक्त चॅट आणि ब्राउझिंग असतं, व्हीपीएन आणि व्हिडिओ अडवलेले असतात. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा वरचा पॅक दिवसाला बऱ्याचदा २० डॉलरच्या वर पडतो आणि निघण्याआधी ऑनलाईन घेतला तर बहुतेक वेळा स्वस्त मिळतो. चढल्यावर पहिल्यांदा व्हीपीएन बंद ठेवून वायफायचं लॉगिन पान उघडा, नाहीतर ते पान येतच नाही आणि माणूस तासभर झगडत बसतो. फोन-लॅपटॉपमधलं प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस हे सेटिंग त्या नेटवर्कपुरतं बंद करा, कारण तो ॲड्रेस बदलला की जहाजाच्या सिस्टीमला वाटतं नवीनच डिव्हाईस आलं आणि एका डिव्हाईसचा पॅक असेल तर तुम्हालाच बाहेर काढतं.

यात मी स्वतः पोळलोय. सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर होतो, सोलापुरातल्या एका मालकांना शब्द दिलेला की रात्री त्यांचा सर्व्हर मी रिमोटने बघतो, आणि नेमका तेव्हाच लॉगिन अडकला, काउंटरवर रांग, दोन तास गेले. इकडं कारखान्यात पोरं बिलिंग सुरू व्हायची वाट बघत बसली होती. त्यांचा तो खोळंबा मला अजून टोचतो. तेव्हापासून मी शहराबाहेर असलो की इथल्या एका जोडीदाराकडं सगळ्या चाव्या देऊन जातो, तुम्ही पण टीममध्ये एक जोडीदार ठरवा.

खोलीत नेट कमी आलं तर घाबरू नका. जहाजाच्या भिंती पोलादाच्या असतात, सिग्नल आत शिरत नाही, आणि काही जहाजांवर वायफायचा डबा खोलीत नसून बाहेर पॅसेजमध्ये असतो. लायब्ररी किंवा मधला मोठा हॉल बघा. स्टँडअपला कॅमेरा बंद ठेवा, नुसत्या आवाजाला ८० केबीपीएससुद्धा पुरतात, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतं. कोड लॅपटॉपवरच सेव्ह (लोकल कमिट) करत जा, सर्व्हरवर चढवणं (पुश) नंतर. विंडोजमध्ये ते वायफाय मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं, म्हणून लावून टाका, म्हणजे अपडेट मध्येच नेट खात नाही, आणि फोटोंचा बॅकअप बंद, घरातल्या सगळ्यांच्या फोनवरचा.

एक ग्रीसमधलं खास. तिथली काही बेटं तुर्कस्तानच्या अगदी समोर आहेत, फोन आपोआप तिकडचं नेटवर्क पकडतो आणि युरोपच्या पॅकमध्ये तुर्कस्तान नसेल तर बिल वेगळं लागतं. नेटवर्क हाताने निवडा. आणि पुढंमागं नॉर्वेला गेलात तर तिथं जुन्या उपग्रहाचं नेट असलेल्या जहाजावर काम ठेवूच नका. तो उपग्रह विषुववृत्तावर असतो, इतक्या उत्तरेला तो क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर दिसतो, आणि अरुंद खाडीत हजार-हजार मीटरचे कडे उभे असल्यावर तो त्यांच्यामागं जातो.

प्रश्न : नवी पेठेत माझं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे. ८ ते १५ तारखेला क्रूझवर असणार. नेट मिळालं तरी ओटीपीचं काय? क्लायंटचे मेसेज माझ्याच सिमवर येतात.

शंका अगदी बरोबर आहे तुमची, नेटपेक्षा जास्त माणसं ओटीपीला अडकतात. जहाजावर फोन एअरप्लेन मोडवर, वर फक्त वायफाय, मग एसएमएस यायचा कुठून. वायफाय कॉलिंग सुरू असेल तर काही वेळा येतो, पण काही जहाजं ते अडवतात, त्यावर ११ तारखेचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, टांगू नका.

उपाय निघण्याआधीचा आहे. महिना संपला की रिटर्न भरता येतं, तेव्हा ज्यांची बिलं हातात आहेत त्यांचं ७ च्या आत करून मोकळे व्हा. ३बी, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची तारीख २०, तोवर तुम्ही परत आलेले असाल, तरी चलनाचे पैसे जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये आधीच भरून ठेवा म्हणजे बँकेच्या ओटीपीची धावपळ राहत नाही. डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीने, साईन केलं तर फाईल करताना मोबाईल ओटीपी लागत नाही. मोठ्या क्लायंटला सांगून त्यांच्याकडं दुसरा ऑथराइज्ड सिग्नेटरी, म्हणजे सहीचा अधिकार असलेला माणूस, जोडून घ्या. ओटीपी फोनवरून ऑफिसच्या पोराला सांगायचा ही सवय मात्र सोडा, क्लायंटच्या पैशाचा प्रश्न आहे.

तुमच्या स्वतःच्या मेलला आणि सॉफ्टवेअरला ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्यातला सहा आकडी कोड नेटशिवाय, रेंजशिवाय तयार होतो, दर ३० सेकंदांना बदलतो, फोनच्या घड्याळावरून. इथं एक चूक मी वारंवार बघतो. जहाजावर कॅप्टन सांगतो घड्याळ एक तास मागं घ्या, फोन एअरप्लेन मोडवर असल्यामुळं वेळ आपोआप बदलत नाही, मग माणूस हाताने तास मागं फिरवतो आणि कोड चुकीचे यायला लागतात. तास फिरवू नका, सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन बदला. झोन बदलला तर आतलं मूळ घड्याळ बरोबरच राहतं आणि कोड चालतो.

प्रश्न : फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा विसरला तर काय होतं?

जहाजाचा स्वतःचा मोबाईल टॉवर असतो, किनाऱ्यापासून लांब गेलं की तो सुरू करतात, आणि फोन त्याला चिकटतो. तुमचा जमिनीवरचा इंटरनॅशनल पॅक बहुतेक वेळा तिथं चालत नाही आणि दर फार जास्त असतात. शिडी उचलायच्या आधी, म्हणजे जहाज बंदर सोडायच्या आधीच, घरातल्या प्रत्येकाचा फोन स्वतः हातात घेऊन मोड लावा. आजोबांचा विसरू नका, त्यांचा फोन खिशात असतो आणि कुणी बघत नाही.

प्रश्न : मी स्वतःची छोटी सॅटेलाईट डिश किंवा सॅटेलाईट फोन घेऊन गेलो तर? फ्रीलान्सर आहे, नेटवरच पोट आहे.

नका नेऊ. बऱ्याच क्रूझ कंपन्यांच्या बंदी असलेल्या सामानात राऊटर आणि डिश येतात, चढतानाच काढून घेतात. आणि सॅटेलाईट फोन किंवा तसलं मेसेज पाठवायचं यंत्र आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, यावरून परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर अडवलंय. नेटवर पोट आहे तर बंदराच्या दिवसाला तिथलं ईसिम, म्हणजे फोनमध्येच उतरवायचं डिजिटल सिम, घ्या, मोठ्या फायली त्या दिवशी चढवा.

प्रश्न : माझा मुलगा क्रूझवर किचनमध्ये नोकरीला लागलाय. कधी रोज फोन येतो, कधी चार-चार दिवस नाही. विचारलं की म्हणतो नेट नव्हतं. रात्री झोप लागत नाही. खरंच असं होतं का?

ताई, होतं. तुमचा मुलगा खरं बोलतोय असंच धरा. स्टाफच्या खोल्या बहुधा खालच्या मजल्यावर, पाण्याच्या पातळीजवळ असतात, तिथं सिग्नल कमी, आणि पुष्कळ जहाजांवर स्टाफला नेटचा पॅक स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. त्यात किचनची ड्युटी दहा-दहा तासांची, तो मोकळा होतो तेव्हा इथं आपण झोपलेले असतो.

एक चांगली गोष्ट सांगतो. जहाजावर काम करणाऱ्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालीये. जहाजाच्या मालकाने शक्य तिथवर कर्मचाऱ्यांना घरच्यांशी बोलण्यासाठी नेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत, असं त्यात आहे. मुलाला हे सांगून ठेवा, म्हणजे तो तिथं विचारू शकेल.

त्याच्याकडून जहाजाचं नाव आणि महिन्याचं वेळापत्रक मागून घ्या, कुठल्या तारखेला कुठलं बंदर. ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा. बंदराचा दिवस असेल तेव्हा फोनची वाट बघायची, समुद्राचा दिवस असेल तेव्हा नाही. व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका, व्हॉइस मेसेज पाठवा. तुमचा आवाज नेट येईल तेव्हा त्याच्या फोनमध्ये उतरेल आणि ड्युटी संपल्यावर तो ऐकेल, एकदा नाही, तीनदा.