जुन्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ साली जोडलेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १०, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि दोन इनपुटचा जुना यूएसबी इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी. वडिलांची पेटी, तुमचं गाणं आणि मित्राचा तबला घरीच रेकॉर्ड करता. आता स्क्रीनवर ‘हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही’ असं येतं, आणि अट चुकवून ११ कसं टाकायचं याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले आहेत. टाकू का?

नका टाकू. निदान ज्या डिस्कवर आत्ता तुमची गाणी आहेत, तिच्यावर तर नाहीच.

हे मी अनुभवाने सांगतो. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे अपडेट बंद केले. त्याच आठवड्यात मी चालू मशीनवरच विंडोज १० चढवलं. शनिवारी रात्री रीपर उघडलं, आवाज आला, मीटर हलले, मी निर्धास्त झोपलो. रविवारी आत्या गावाहून आली होती. तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. दोन तास ती गायली. ती एसटीने परत गेली आणि रात्री मी हेडफोन लावून शांतपणे ऐकायला बसलो, तर दर पंधरा-वीस सेकंदांनी एक बारीक ‘टक्’. गाताना खोलीत ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. माझ्या इंटरफेसचा ड्रायव्हर, म्हणजे तो विंडोजशी जोडून देणारं सॉफ्टवेअर, विंडोज ७ साठी लिहिलेला होता, नव्या विंडोजवर तो कसाबसा चालत होता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. त्या ओव्या पुन्हा रेकॉर्ड व्हायला दीड वर्ष गेलं, आणि तोवर त्यातल्या दोन आत्याला आठवेनात.

म्हणून तुमच्यासारख्या मशीनचा प्रश्न आला की मी विंडोजचा नंबर नंतर विचारतो. आधी विचारतो, इंटरफेसचा ड्रायव्हर कुठपर्यंत आहे? कंपनीच्या डाउनलोडच्या पानावर जा, तुमचं नेमकं मॉडेल शोधा आणि शेवटचा ड्रायव्हर कोणत्या विंडोजसाठी, कोणत्या साली आला ते पाहा. शेवटचा ड्रायव्हर विंडोज १० चाच असेल, तर त्या इंटरफेसचं घर विंडोज १० आहे असं समजा.

ही ‘टक्’ का येते ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आवाज कॉम्प्युटरमध्ये छोट्या छोट्या घासांनी जातो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) आणि बफर, म्हणजे एका घासातले सॅम्पल, २५६ ठेवला, तर एक घास साधारण ५.३ मिलिसेकंदांचा. दर ५.३ मिलिसेकंदांनी प्रोसेसरने पुढचा घास तयार ठेवलाच पाहिजे. त्या क्षणी वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून बसला, तर घास चुकतो आणि टक् वाजते. मशीन एरवी किती वेगवान आहे याला इथे फारसा अर्थ नाही. एकदा जरी उशीर झाला तरी टेक बिघडतो. ‘लेटन्सीमॉन’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर हा उशीर मोजतं. आज, काहीही बदलायच्या आधी, ते वीस मिनिटं चालू ठेवा आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. नंतर तुलनेला काहीतरी हातात हवं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. अट चुकवून ते तुमच्या मशीनवर बसेलही, व्हिडिओतली मंडळी खोटं सांगत नाहीत. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठी आवृत्ती आली की ती पुन्हा हातानेच चढवावी लागते. शिवाय विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा आहे. ती चालू असली की काही जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. ती बंद करता येते, पण मग सुरक्षेसाठी ११ घेतलं म्हणायचं आणि सुरक्षाच बंद करायची, याला काय अर्थ?

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले हे खरं. पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सुरक्षा अपडेट घेता येतात. त्यासाठी तुमची आवृत्ती २२एच२, म्हणजे विंडोज १० ची शेवटची, असायला हवी. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केलात की पैसे पडत नाहीत. त्यानंतर काय? नेटची केबल काढून टाका. रेकॉर्डिंगच्या मशीनवर बँकेचे व्यवहार, मेल आणि यूट्यूब हवंच कशाला? गाणी पेनड्राइव्हने दुसऱ्या लॅपटॉपवर न्या, तिथून पाठवा.

तुमच्या मशीनला खरी गरज आहे ती एसएसडीची, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कची. साध्या सॅटा एसएसडीनेही इतका फरक पडेल की ११ चं नाव काढणार नाही. ८ जीबी रॅम पेटी, तबला आणि गळा यांना पुरते. मोठमोठ्या सॅम्पल लायब्ररी वापरत असाल तरच ती अपुरी पडेल.

आता पद्धत. नवी एसएसडी लावा आणि जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. हे विसरू नका. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोजचा इन्स्टॉलर पुष्कळदा सुरू होण्याची फाइल जुन्या डिस्कवरच ठेवतो, आणि मग जुनी डिस्क काढली की नवी उठत नाही. एसएसडीवर विंडोज १० कोरं टाका. तुमच्या सध्याच्या विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असेल तर ते नेट जोडल्यावर स्वतःच ॲक्टिव्हेट होतं. काही बिनसलं तर केबल बदला, पाच मिनिटांत कालचं मशीन परत. त्या रविवारी माझ्याकडे हा रस्ता नव्हता.

त्याआधी दोन कामं जुन्या डिस्कवरच उरकायची. पहिलं म्हणजे, विकत घेतलेल्या प्लगिनची (रीपरमध्ये इफेक्ट देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरची) लायसन्स जी मशीनला बांधलेली असतात, ती तिथून सोडवून आपल्या अकाउंटमध्ये परत घ्या. नव्या विंडोजला ते मशीन परकं वाटतं आणि एक ॲक्टिव्हेशन फुकट जातं. दुसरं जास्त महत्त्वाचं. प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत २४ बिट वेव्ह फाइल म्हणून रेंडर करा, म्हणजे वेगळी काढून ठेवा, एकदा इफेक्टसकट आणि एकदा कोरा. प्रोजेक्टची फाइल उद्या उघडली तरी एखादा जुना ३२ बिटचा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगिन) सापडला नाही तर मिक्स बदलतो. वेव्ह फाइल मात्र कुठेही वाजते. जागेची काळजी नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर. सहा मिनिटांचा अभंग, आठ मोनो ट्रॅक, एका वेळच्या रेंडरला सव्वाचारशे एमबीच्या आत. तुमच्या वडिलांची पेटी तेवढ्या जागेची नक्कीच धनी आहे. आणि हे करताना यूपीएस असू द्या, पावसाळ्यात तर हवाच.

नव्या डिस्कवर इंटरफेसचा ड्रायव्हर टाकताना तो कंपनीचा एएसआयओच, म्हणजे खास रेकॉर्डिंगसाठीचा कमी उशीर लावणारा, टाका. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’, यूएसबीला झोपवणारं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद. सगळं बरोबर असून इनपुटचा मीटर हलत नसेल, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइकची परवानगी पाहा. काही इंटरफेसवर तीच आड येते आणि माणूस तासभर केबली बदलत बसतो.

मग एक चाचणी, जी फार कमी लोक करतात. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल त्याच्याच इनपुटला लावा. एका ट्रॅकवर क्लिक वाजवा, दुसऱ्यावर ती रेकॉर्ड करा आणि झूम करून दोघांतलं अंतर पाहा. ड्रायव्हर स्वतःची लेटन्सी, म्हणजे आवाजाला लागणारा उशीर, चुकीची सांगत असेल तर इथे ते उघडं पडतं. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग रेकॉर्डिंग, तिथे तेवढे सॅम्पल हाताने भरून दुरुस्त करता येतं. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांची चूक झाली की तबलजी अकरा फूट लांब बसल्यासारखा होतो. नंतर भरलेला तबला ऐकताना सम किंचित मागे पडल्यासारखी वाटते, आणि आपण उगाच वाजवणाऱ्याला दोष देतो. तुमच्या मित्राच्या बाबतीत तसं झालं असेल, तर ही चाचणी आजच्या मशीनवरही करून पाहा.

लिनक्सचाही रस्ता आहे. तुमचा इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’ असेल, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा, तर उबुंटू स्टुडिओ ही रेकॉर्डिंगसाठीची लिनक्स त्याला ओळखेल. रीपरची लिनक्स आवृत्तीही आहे. पण विंडोजचे प्लगिन तिकडे नेणं खटपटीचं काम आहे. वडिलांना रेकॉर्डिंगला बसवून ठेवून हे प्रयोग करू नका.

आणि ११ बघायची हौस असेलच, तर तिसरी स्वस्त डिस्क घ्या, बाकी दोन्ही डिस्कच्या केबल काढा आणि खुशाल टाका. अर्धा तास सलग रेकॉर्ड करा, नुसत्या तानपुऱ्यावर. तानपुऱ्याचा सूर अखंड असतो, त्यात बारीकशी टक् सुद्धा लपत नाही. तबल्यात ती सहज लपून जाते. ऐकायचं हेडफोनवर आणि पूर्ण अर्धा तास.

इंटरफेसचं मॉडेल आणि लेटन्सीमॉनचा तो आकडा इथे लिहिलात, तर ड्रायव्हरचं मी पाहून सांगतो.