डोंबिवलीहून दोन दिवसांची मुंबई : यादी थोडी उलटी करा

डिसेंबरातले रविवार-सोमवार, डोंबिवलीला नातेवाइकांकडे मुक्काम, बरोबर साठी ओलांडलेले आई-बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा. यादीत पंधरा ठिकाणं, आणि तुम्ही विचारताय की 'मुंबई दर्शन'ची बस घ्यावी का. नका घेऊ. पाहुण्यांसाठी मी एकदाच तसल्या बसमध्ये बसलो. दिवसभरात खाली उतरलो कमी आणि नटांच्या बंगल्यांची फाटकं पाहिली जास्त.

आधी यादीतली चूक. घारापुरी, म्हणजे एलिफंटा बेट, तुम्ही सोमवारी ठेवलीय. लेणी सोमवारी बंद असतात. ती रविवारी करा. रविवारचा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल कमी-उशिरा) साधारण साडेदहा-अकराला सुरू होतो, सातच्या आत गाडीत बसलात तर निदान जाताना त्याचं झेंगट नाही. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल बघा, सगळ्यांना बसायला मिळेल.

सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) उतरलात की टॅक्सीकडे पळू नका. मुख्य फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, एकीकडे वाघ. मुलाला भिंतींवर कोरलेले मोर आणि माकडं शोधायला लावा, दहा मिनिटं मोबाइल मागणार नाही. तिथून गेटवे ऑफ इंडियाला काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने. रिक्षा शोधू नका, माहीम-शीवच्या दक्षिणेला ती चालतच नाही. गेटवेची गंमत मुलाला सांगा: इंग्रजांचा राजा पाचवा जॉर्ज आला 1911 साली, तेव्हा त्याच्या स्वागताला होती ती पुठ्ठ्याची कमान. दगडी कमान बांधून झाली 1924 ला!

गेटवेहून घारापुरीला लाँचने तासभर लागतो. थंडीत सीगल पक्षी लाँचच्या मागे अगदी हाताच्या अंतरावर उडत येतात, लोक त्यांना चिप्स टाकतात (तुम्ही टाकू नका). तिकीट जपून ठेवा, परतीला दाखवावं लागतं. धक्क्यापासून छोटी रेल्वे आहे, पुढे शंभरावर पायऱ्या. बाबांचे गुडघे बोलत असतील तर डोली मिळते, पण भाव जाऊन-येऊन धरूनच ठरवा. हातात कोल्ड्रिंकची बाटली नको, माकडं थेट हिसकावतात.

वेळ खरा द्यायचा तो पहिल्या लेण्याला. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर लगेच फोटो काढू नका. त्रिमूर्तीसमोर (शिवाची तीन चेहऱ्यांची मूर्ती) गप्प उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग मधला शांत चेहरा दिसू लागतो, तुमच्या डावीकडचा मिशीवाला उग्र, उजवीकडचा बायकी, हातात फूल घेतलेला. बाकीची लेणी दमला असाल तर सोडली तरी चालतील.

पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं ते तिथल्या एका दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही, भायखळ्याला राणीच्या बागेत (प्राणिसंग्रहालय), भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. म्हणून सोमवारी तिथूनच सुरुवात करा. दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात, सोमवारी नाही. सकाळी आठच्या गर्दीत आई-बाबांना घालू नका, दहानंतर निघा, भायखळ्याला उतरा. 1872 सालचं हे संग्रहालय आटोपशीर आहे, पाय दुखायच्या आत बघून होतं. मुलाला बागेतले पेंग्विन.

सिद्धिविनायक यादीत आहेच, तर भायखळ्याहून टॅक्सी करा. मंगळवारपेक्षा सोमवारी रांग बरी. मंदिराजवळच भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, तिथून थेट चर्चगेट, आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर. हँगिंग गार्डन, जुहू, मॉल वगैरे सरळ काटा.

आता महत्त्वाचं. संध्याकाळी सहा ते साडेआठ सीएसएमटीकडे फिरकू नका. चौपाटीवर भेळ खा, जेवून घ्या, साडेनऊनंतर स्लो लोकल पकडा. वेळ जास्त लागेल, पण सगळे बसून जाल. कोपर आलं की उठून दाराशी या. पुढचं डोंबिवलीच.