एकट्याने नाचावे की जोडीने?

प्रश्न : मी पार्ट्यांमध्ये व्यावसायिक नर्तक म्हणून एकट्याने कार्यक्रम करतो. एक सहकारी जोडीने काम करू म्हणतो. काय करावे?

उत्तर : एकट्याने काम केल्यास मानधन पूर्ण तुमचे राहते आणि गाणे ऐनवेळी बदलायला कोणाला विचारावे लागत नाही, मात्र सलग नाचताना दम घ्यायला उसंत मिळत नाही आणि एखादा पाहुणा अंगचटीला येऊ लागला, तर मध्ये पडणारे आपले माणूस जवळ नसते, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. जोडीदार असल्यास दोन्ही अडचणी हलक्या होतात, पण तालमींना वेळ द्यावा लागतो. मानधनाची वाटणी आणि आयत्या वेळी एकाने माघार घेतल्यास करायची व्यवस्था लेखी ठरवून आधी दोन-तीन कार्यक्रम एकत्र करून पाहावेत. तोवर एकट्याची कामे सोडू नयेत.