जुलाबाचं औषध नेमकं कुठलं?

प्रश्न असा आहे : ‘जुलाबाचं औषध’ म्हणजे जुलाब होण्याचं की थांबण्याचं? बरोबर कोणतं?

दोन्ही. आपला ‘चा-ची-चे’ दोन्हीकडे चालतो. खोकल्याचं औषध खोकला घालवतं, झोपेची गोळी झोप आणते. एरवी ऐकणाऱ्याला ते आपोआप कळतं, कारण खोकला कुणाला हवा नसतो आणि झोप हवी असते. जुलाब मात्र कधी हवा असतो, कधी नको. माझ्या आत्याचं चार दिवस पोट साफ होत नव्हतं. तिने माझ्या धाकट्या भावाला जुलाबाचं औषध आणायला सांगितलं आणि त्याने जुलाब बंद करायची गोळी आणून दिली. तिने ती विश्वासाने घेतली. पुढचे दोन दिवस तिचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत.

मुळात जुलाब हे औषधाचंच नाव. जुलाब घ्यायचा, जुलाब द्यायचा. त्याने जे होतं त्यालाही जुलाबच म्हणू लागले, आणि पुढे औषध न घेताच तसं झालं तरी जुलाब ‘लागले’. उपायाचं नाव दुखण्याला चिकटलं ते असं. या दुखण्याला हगवण हा नेमका शब्द आहे, पण तो उच्चारायची लाज वाटते. हल्ली तर जुलाबसुद्धा गावंढळ ठरवून ‘लूज मोशन’ म्हणतात. याची मला खरंच चीड येते, कारण ज्या शब्दाला ही मंडळी नाक मुरडतात तो शब्द म्हणजे गुलाब आहे!

फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. फुलाला ते नाव आपल्याकडे पडलं. (म्हणून ‘गुलाबपाणी’ या शब्दात पाणी दोनदा आहे.) हा शब्द अरबीत गेला. अरबीत ‘ग’ नाही, त्याचा ‘ज’ झाला : जुलाब. फारसी गौहरचं अरबीत जौहर झालं, त्याचं अनेकवचन जवाहिर, म्हणजे आपलं जवाहीर. तीच ही वाट. अरबी वैद्यकात जुलाब म्हणजे औषधी गोड पाक. तोच युरोपात जाऊन इंग्रजीत ‘जूलेप’ झाला, आणि तिथे तो गोड पेयच राहिला.

मग आपल्याकडे तो पोट साफ करणारा का झाला? माझं मत असं की रेचक कडू, ते घशाखाली उतरायला गोड पाक लागणार. औषध आतलं, नाव वरच्या पाकाचं. शिवाय असल्या गोष्टीला माणूस चांगलं नाव शोधतोच. ‘शौच’ म्हणजे मुळात शुचिता, स्वच्छता, आणि आपण ते कशासाठी वापरतो ते पाहा. गुलाबाच्या नावाआड ही गोष्ट सोयीने बोलता आली असणार, असं मला ठामपणे वाटतं.

‘जुलाब, अरबी’ एवढा शिक्का मारून जे थांबतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. अरबी हा वाटेतला मुक्काम, जन्मगाव नव्हे. ‘जल’वरून जुलाब काढणाऱ्यांना तर उत्तर देण्यासारखंही काही नाही. आणि ‘आब’ दिसला की पाणी शोधणाऱ्यांनी जपून : शराबमध्ये हा आब नाही. ‘शर’ म्हणजे वाईट, म्हणून शराब म्हणजे वाईट पाणी, ही व्युत्पत्ती पुन्हा पुन्हा ऐकवली जाते आणि ती साफ खोटी आहे. शराब हा अरबी शब्द, ‘पिणे’ या अर्थाच्या धातूपासूनचा. मूळ अर्थ नुसतं पेय. सरबत त्याच धातूतलं, आणि खोकल्याच्या बाटलीवरचं ‘सिरप’ही त्याच शराबपासून आलेलं.